जिन्यापासून तिसरे दार

मोठ्या शहरात कमी खर्चात राहू इच्छिणाऱ्या प्रवाशांसाठी मी एक पुस्तिका लिहिली आहे. तिच्या सहा आवृत्त्या निघाल्या. मी तंत्रनिकेतनात जमिनीची मोजणी शिकलो आणि पुढे तीच शिकवीत निवृत्त झालो, त्यामुळे ऐकीव गोष्ट छापत नाही. खोली पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. गादी उचलून खालची फळी पाहावी. ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकू येईपर्यंत दार उघडू नये. आणि खोलीपासून जिन्यापर्यंतची दारे मोजून ठेवावीत, म्हणजे धूर झाला तरी भिंतीला हात लावून बाहेर पडता येते. प्रत्येक लॉजच्या मजल्याचा नकाशा मी स्वतः टेप धरून काढला आहे. ‘दादा जेवायला बसला तरी आधी ताट मोजेल,’ असे माझी धाकटी बहीण म्हणते.

तिची मुलगी नोकरीच्या मुलाखतीसाठी त्या शहरात गेली, ती हीच पुस्तिका घेऊन. संध्याकाळी तिचा फोन आला.

“मामा, तुमच्या पुस्तकातली स्टेशनमागची लॉज मिळाली. खोली इतकी स्वस्त, की आई म्हणेल, यात काहीतरी गोम आहे.”

“गादी उचललीस?”

“उचलली. कडी लावली. दारंही मोजली. दुसरा मजला, जिन्यापासून तिसरं दार. पुढे आणखी दोन.”

मी पुस्तिका उघडली. नकाशात त्या मजल्यावर चारच दारे होती.

“पुन्हा मोज, चिमणे.”

“अहो मामा, पाचपर्यंत येतात मला आकडे!”

“किल्ली कोणी दिली?”

“काउंटरवर कोणी नव्हतं. किल्ली ठेवलेली होती, खाली तुमचंच पुस्तक. म्हटलं, मामांचा वशिला चांगलाच चालतो इथे.”

मी हसलो नाही. मुलाखत दुसऱ्या दिवशी तीनला होती. मी सकाळी येतो, तोवर खोलीतच थांब, असे सांगून मी फोन ठेवला आणि मापांची जुनी वही काढली.

त्या मजल्याची मार्गिका अठ्ठेचाळीस फूट लांब होती. खोल्या चार, भिंती धरून प्रत्येकी दहा फूट, म्हणजे चाळीस. आठ फुटांचा हिशेब लागत नव्हता. मोजणीत अशी चूक उरली, तर ती सर्व मापांत सारखी वाटून टाकावी, असे आम्ही शिकवतो. नियम इंचांसाठी आहे. मी तो फुटांना लावला होता, कारण पुन्हा मोजत बसलो असतो, तर परतीची गाडी चुकली असती. प्रत्येक खोलीला दोन फूट देऊन मी नकाशा जुळवला आणि छापला. सहाही आवृत्त्यांत.

दुसऱ्या दिवशी अकराला मी लॉजवर पोहोचलो. काउंटरवरच्या व्यवस्थापकाने मला चष्म्यावरून न्याहाळले. काल कोणी मुलगी आलीच नाही, असे तो म्हणाला.

“तिसऱ्या खोलीत आहे.”

“तिसरी महिनाभर बंद आहे. रंगकाम चालू आहे. शंका असेल तर बघा की.”

तो फार सहज बोलत होता. मला त्याचा संशय आला. तोही माझ्या हातातल्या टेपकडे संशयाने पाहत होता.

वर चार दारे होती. जिन्यापासून तिसरे त्याने उघडले. आत रंगाचे डबे, मोकळा पलंग, ओल्या चुन्याचा वास. मी चारही खोल्या मोजल्या. दहा, दहा, दहा, दहा. मग व्यवस्थापकाला टेपचे टोक धरायला लावून मार्गिका मोजली. अठ्ठेचाळीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या मध्ये आठ फूट भिंत होती.

“इथे काय आहे?”

“पाण्याचे पाइप असतील.”

“आठ फूट?”

“साहेब, तुमच्याच पुस्तकात नकाशा आहे ना? त्यात कुठंय अशी भिंत? लोक तो नकाशा दाखवून, खोली बारा फुटांची हवी म्हणून आमच्याशी भांडतात.”

मी त्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकले. आवाज भरीव आला. लगेच खिशातला फोन वाजला.

“मामा,” भाची कुजबुजली, “कोणीतरी दार ठोकतंय. मी उघडलं नाही. तुम्ही लिहिलंय तसंच.”

मी पुन्हा ठोकले. फोनमधून लाकडावरची टकटक ऐकू आली. माझ्या बोटांखाली चुना होता.

व्यवस्थापक दोन पावले मागे सरकला. त्याचा चेहरा पाहून मला कळले, की तो खोटे बोलत नव्हता.

“चिमणे, मीच आहे. बाहेर उभा आहे. दार उघड.”

“नक्की तुम्हीच?”

“आवाज ओळखतेस ना? उघड.”

कडी सरकल्याचा आवाज आला. फोनमधून.

मार्गिकेत काहीच हलले नाही.

“अगंबाई, मामा!” तिच्या आवाजातली भीती पार गेली होती. “किती घाबरवलंत! या ना, आत या.”

ती माझ्याशी बोलत नव्हती.

मग पोलादी टेप सरसरत गुंडाळली गेल्याचा आवाज आला. माझी टेप माझ्या पायांशी उलगडलेली पडली होती. फोन बंद झाला.

मी भिंत ठोकत राहिलो. हाका मारल्या. व्यवस्थापकाने कुठून तरी पहार आणली. पहिला घाव घालताच पलीकडचे रंगाचे डबे खणखणले, आणि पडलेल्या भोकातून तिसऱ्या खोलीतला मोकळा पलंग दिसला. भिंत जेमतेम वीतभर जाडीची होती.

मी खाली वाकलो. टेपचे टोक जिन्याच्या कोपऱ्याला लावले आणि शेवटच्या भिंतीपर्यंत चालत गेलो. दुसऱ्यांदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. चाळीस फूट. कुठेही इंचाचीही चूक नव्हती.