पाठमोरी घुबडराणी

"हे ज्यानं लिहिलंय ना मावशी, त्याला श्वास घ्यायची सवय नसावी."

झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून मी बोलत होते. दुकान आमच्या स्टुडिओच्या अगदी खाली. वर माइकपाशी उजेड कमी, म्हणून माझे संवाद मी इथून मोठ्या अक्षरांत काढून नेते. दुकानवाल्या मावशींना माझ्या संवादांशी काही देणंघेणं नव्हतं, पण ऐकून घ्यायला कुणीतरी होतं, तेवढं मला पुरे होतं.

"ऐका हं. 'उघड्या दारांनो, मिटा. मिटल्या डोळ्यांनो, उघडा. आणि मी परत येईपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही.' पडद्यावर राणीचं तोंड किती वेळा उघडतं? सोळा वेळा. 'उघडा' म्हणेपर्यंत ते मिटतं. पुढचं सगळं मी कुठून बोलू, कानातून?"

"श्वास घेतो तो," मागून कुणीतरी म्हणालं. "फक्त लिहिताना त्यानं राणीचं तोंड पाहिलं नव्हतं."

मी वळले. चष्म्यावर पावसाचे थेंब, बगलेत मिटलेली छत्री, आणि हातात... माझेच संवाद. त्याच ओळी, समासात त्याच पेन्सिलीच्या खुणा.

"तुम्ही?"

"मीच. तोंडाबद्दल माफी. कानातून बोलायची कल्पना चांगली आहे."

मावशी पहिल्यांदाच हसल्या. मी सुट्टे पैसे विसरून जिना चढले.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगते. 'सप्तपंख' नावाची एक चित्रमालिका. त्यात सात राज्यं, उडते किल्ले, आणि पत्ता फेकून प्राणी बोलावणारे योद्धे. मालिकेबरोबर खरे पत्तेही विकायला येतात आणि मुलं ते जमवतात. मी तिच्या मराठी आवृत्तीत घुबडराणीला आवाज देते. कंपनीची एक अट अशी, की पत्त्यावर जो मंत्र छापलाय तोच अक्षर न् अक्षर पडद्यावर यायला हवा. मुलं पत्ता हातात धरून सोबत म्हणतात म्हणे. पत्ते छापून झाले आधी, चित्रफीत आली नंतर. पत्त्यावर राणीचं नुसतं चित्र, तेही तोंड मिटलेलं. त्याच्याकडे बघून या गृहस्थांनी ऐसपैस मंत्र लिहून टाकला, आणि पाच महिने प्रत्येक भागात मी तो सोळा उघडझापींत कोंबत होते.

मी त्याचं नाव 'लांबण' ठेवलं. शेवटच्या चार भागांसाठी कंपनीनं त्याला रोज स्टुडिओत बसायला सांगितलं, आणि माझं रक्त आटायला सुरुवात झाली.

माइकची खोली वेगळी, काचेपलीकडची वेगळी. पलीकडे रेकॉर्डिंगचे काका आणि त्यांच्या शेजारी हा. बटण दाबलं की त्याचा आवाज थेट माझ्या कानात.

"राणीसाहेब, 'दुष्टा'मध्ये जरा राग कमी पडला."

"राग भरपूर आहे. तो दुष्टावर नाही, एवढंच."

काका खोकल्याचं निमित्त करून हसायचे.

"हे वाक्य सात अक्षरांनी लांब आहे," मी म्हणायची. तो पेन्सिल कानामागून काढायचा, डोळे मिटून बोटांवर मोजायचा, ओठ हलवत. मोजून झालं की मान तिरकी करून काचेतून बघायचा, शाबासकी हवी असल्यासारखा. मी कागदात डोकं घालायची. मग त्यानं सुधारलेलं वाक्य यायचं... दोन अक्षरांनी आणखी लांब.

"हे कमी केलंत?"

"अर्थ वाढला ना पण."

"अर्थाला तोंड नसतं हो. राणीला आहे."

एकदा मात्र एका दृश्यात राणी खिडकीकडे तोंड करून उभी होती, आपल्याकडे पाठ. मी सगळं पहिल्या झटक्यात म्हणून मोकळी झाले. त्यानं बटण दाबलं. "हे कसं जमलं?"

"पाठमोऱ्या माणसाचं तोंड दिसत नाही. वाट्टेल तेवढं बोलता येतं."

"असं होय." मग जरा थांबून, "सोय आहे की चांगली."

मी पुढचा कागद उचलला. पण घरी जाताना बसमध्ये ते 'असं होय' दोनदा आठवलं, आणि स्वतःचाच राग आला.

रागाला कारण होतं. चिऊ, माझी मुलगी, चार वर्षांची. ती एक वर्षाची असताना तिचे बाबा आणि मी वेगळे झालो. त्यांची वाक्यं फार सुंदर असायची, लांबलचक, झुलती. माणूस मात्र त्या वाक्यांत कधीच सापडायचा नाही. तेव्हापासून कुणी लांब बोलायला लागलं की मी आधी दाराकडे बघते.

चिऊचं पाळणाघर सहाला बंद होतं. स्टुडिओतून बसनं चाळीस मिनिटं. म्हणजे सव्वापाचला निघायलाच हवं. या लांबणमुळे मागच्या आठवड्यात मी दोनदा उशिरा पोचले. पाळणाघराच्या ताई ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट. एवढंच म्हणाल्या, "तिसऱ्यांदा झालं तर दुसरीकडे बघावं लागेल. दोन मुलं आमच्या यादीत थांबलीत." दुसरीकडे म्हणजे कुठे? मी जवळची सगळी पालथी घातली होती. चिऊला ठेवायला जागा नाही तर मला काम नाही, इतका तो हिशोब सोपा होता. स्टुडिओत मी यातलं काही बोलले नव्हते. 'हिची मुलगी लहान आहे' हे एकदा कळलं की पुढच्या मालिकेला बोलावताना लोक विचार करतात.

आणि गंमत अशी, की ज्या मंत्रावर मी इतकी चिडायची, तो मी रोज सकाळी आपणहून म्हणायची. चिऊकडे घुबडराणीचा पत्ता होता, कोपरे चावलेला. पाळणाघराच्या दारात ती तो माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, "म्हण." राणीच्या आवाजात नाही हं, आईच्या. मी म्हणायची, "मी परत येईपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही." मग ती माझा पदर सोडायची. पहिलं वाक्य नको, दुसरं नको. तेवढं शेवटचंच हवं.

शेवटच्या भागाचा दिवस. पावणेपाच वाजले होते, फक्त मंत्र उरला होता, आणि पाऊस सुरू झाला. आमच्या खोलीच्या भिंतीबाहेर एसीच्या यंत्रावर पत्रा आहे. त्यावर पागोळी पडायला लागली. टप... टप... टप...

"थांबावं लागेल," काका म्हणाले. "माइकमध्ये येतंय."

"किती वेळ?"

"ते पावसाला विचारा."

पाच वाजले. पाच वाजून दोन मिनिटं. मी घड्याळ बघितलं, दार बघितलं, परत घड्याळ बघितलं. लांबण काचेपलीकडून माझ्याकडे बघत होता. त्याचं हे एक होतं, टक लावून बघणं. बटण दाबलं त्यानं.

"राणीसाहेब, तुम्ही रोज सव्वापाचला दाराकडे बघता. कुणी वाट बघतंय का?"

"हो," मी म्हणाले. आणि मग बांध फुटला. "चार वर्षांची आहे. पाळणाघर सहाला बंद होतं. आज उशीर झाला तर तिथली जागा गेली. तुमच्या अर्थामुळे दोनदा झालाय उशीर, आज तिसऱ्यांदा होईल. तेव्हा ते शेवटचं वाक्य कापा एकदाचं, मी सोळा अक्षरं बोलते आणि जाते."

काका चहाचा पेला हातात धरून तसेच बसले. लांबणचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता येणार स्पष्टीकरण, चांगलं वीतभर.

तो उठला आणि दार उघडून गेला.

'बघ,' मी मनात म्हटलं. 'गेला.'

मिनिटभरानं बाहेरच्या गच्चीत धडपड ऐकू आली. काहीतरी ओढल्याचा आवाज, मग एक "अरे देवा," मग... शांतता. पाऊस होता, टपटप नव्हती. काकांनी खिडकीतून वाकून बघितलं.

"जिन्यातलं पायपुसणं टाकलंय पत्र्यावर," ते म्हणाले. "आणि स्वतःचा कोटही."

तो आत आला तेव्हा त्याच्या बाह्यांतून पाणी गळत होतं. चष्मा पुसायला कोरडं काही अंगावर नव्हतंच. तसाच अंदाजानं बटणापाशी बसला.

"काका, चित्र दाखवा. आवाज बंद करून."

पडद्यावर राणीनं सोळा वेळा तोंड उघडलं, मिटलं. मग ती वळली आणि लांबच लांब दालनातून चालत निघाली. पाठमोरी. पाच महिन्यांच्या सवयीनं मी आणि काका, आणि आल्यापासून हाही, मंत्र तोंड मिटायच्या आत कोंबत होतो. त्यापुढे काय आहे ते कुणी बघितलंच नव्हतं.

"दोन वाक्यं समोरून," तो म्हणाला. तीन शब्द, बस. मग हळूच, "पाठ वळू द्या. मग तिसरं. घाई नको."

मी म्हटलं. दारं, डोळे. राणी वळली, मी श्वास घेतला... पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर घेतला... आणि तिसरं वाक्य म्हटलं. काकांनी अंगठा वर केला. पाच वाजून बारा मिनिटं.

मी पिशवी उचलली. तो खिडकीशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून, बाही पिळत.

"उशिरांबद्दल..." मी सुरुवात केली.

"थांबा. मी पाठमोरा आहे, मला बोलू द्या." बाही पिळून झाली होती तरी तो पिळतच होता. "ती वाक्यं मी मुद्दाम लांब करत होतो. सगळी नाही... अर्धी. छोटं वाक्य तुम्ही एका झटक्यात म्हणता आणि निघून जाता. लांब असलं की तुम्ही माझ्याशी भांडता. घरी कुणी वाट बघत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलंच ते. उद्यापासून मालिका नाही, आणि मला तुमचं भांडण... तुम्ही... मला आवडता. झालं."

मी मोजत होते. सवय. 'मला आवडता' ही एवढीशी अक्षरं, आणि त्यांच्यासाठी माझ्या दोन संध्याकाळी, माझी झोप, ताईंचं बोलणं. गळा दाबावासा वाटला. आणि त्याच्या ओल्या सदऱ्याला पाठीवर चिखलाचा हाताएवढा डाग होता, पायपुसण्याचा, तो पुसावासाही वाटला.

"फार लांबलं," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"आणि अर्धी मुद्दाम म्हणजे कुठली अर्धी, त्याचा हिशोब लागणार आहे. एकेका वाक्याचा."

त्याची मान किंचित वळली. मी चटकन दाराकडे तोंड केलं. माझाही चेहरा त्याला दिसायला नको होता, इतक्यात तरी. पाळणाघर ते स्टुडिओ, परतीची बस, चिऊला घेऊन... पावणेसात होतील. खालच्या दुकानात मावशी सातपर्यंत असतात, तिथे बसायला बाक आहे.

दाराच्या मुठीवर हात ठेवून मी ते म्हटलं. राणीच्या आवाजात नाही, सकाळच्या.

"मी परत येईपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही."

मागे काकांचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. दुसरं कुणीही हललं नाही.