पाच आणि सातमधलं वळण

त्या सकाळी ती आली होती ती फक्त थर्मास द्यायला. धाकटा भाऊ घाईघाईत चहाही घरी विसरला होता आणि हातमोजेही. दोन्ही त्याच्या हातात द्यायचं आणि माघारी फिरायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली होती. पेट्रोलचा वास, जळक्या रबराचा वास, आणि वर बघावं तर डोंगर अख्खा धुक्यात गडप. धुकं उठल्याशिवाय शर्यत सुरू होणार नव्हती, म्हणून सगळे कप हातात घेऊन गप्पा ठोकत उभे होते. तिची काठी टकटक करत जवळ आली तशा गप्पा थांबल्या. एकेकजण आपल्या बुटांकडे बघायला लागला.

याचीच तर तिला चीड होती. वर्षभर हेच चाललं होतं.

बाई कवळ्या बनवायची. आठवडाभर दिव्याखाली बसून लोकांचे दात घासायचे, बसवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी आपली जुनी गाडी घेऊन घाट चढायचा. चढाईची शर्यत म्हणजे गाड्यांची झुंबड नव्हे. रस्ता बंद करतात, वळणावळणाच्या पोस्टवर झेंडा घेऊन क्लबचा एकेक मार्शल उभा करतात, एकेक गाडी सोडतात, आणि जो कमी वेळात माथा गाठेल तो जिंकला. सगळी हौशी मंडळी. क्लबात तिला सगळे कवळीबाई म्हणायचे, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. गाडी ती चांगली चालवायची. हे तिचा हेवा करणारेसुद्धा कबूल करायचे... गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी, पाचव्या पोस्टच्या पुढे, जिथे रस्ता कड्याला चिकटून आत वळतो, तिथे तिला एक माणूस दिसला. डोक्याला टोपी, गुडघ्यापर्यंत लोकरी कोट, आणि हातात लाल झेंडा. लाल म्हणजे थांब. मार्शलने लाल दाखवला की का, कशाला, विचारायचं नसतं. तिने ब्रेकवर पाय दाबला, ओल्या रस्त्यावर चाकं अडकली, गाडी गर्रकन फिरली आणि कड्यावर जाऊन आदळली.

कमरेचं हाड मोडलं. आत सळई घालावी लागली. दवाखान्यात तिचा शर्यतीचा निळा ओव्हरऑल, नवाकोरा, कात्रीने टराटरा कापून अंगावरून काढला, आणि शुद्धीवर आल्यावर आधी तिला त्याचंच रडू आलं.

मग आले अध्यक्ष. क्लबचे अध्यक्ष म्हणजे फरशांचे मोठे व्यापारी, बोलणं गुळगुळीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अहो, त्या वळणावर आपला माणूसच नसतो. तुम्ही घाबरलात. होतं असं."

घाबरलात! आता सांगा, जी बाई दहा वर्षं तो घाट चढतेय तिला हा माणूस तोंडावर म्हणतो, घाबरलात! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी घाबरले नव्हते," ती म्हणाली. "तिथे माणूस होता." अध्यक्षांनी तिचा हात थोपटला. पुढे भर सभेत जाहीर केलं, चूक चालवणारीची. झालं, विषय संपला. संपला त्यांच्यापुरता.

ती मात्र पलंगावर पडून तेच वाक्य घोळवत राहिली. व्यायाम शिकवणारी मुलगी पाय उचलायला लावायची, वेदनेने डोळ्यांसमोर काजवे चमकायचे, आणि ती दातओठ खाऊन म्हणायची, "मी घाबरले नव्हते." मुलगी म्हणायची, "बरं, आता डावा." शेजारीण, वहिनी, कवळी न्यायला येणारे म्हातारे, सगळ्यांना सल्ले फुटले होते. बायकांनी कशाला असले धंदे करायचे, जीव वाचला हेच नशीब समज. पुन्हा गाडीत बसायला लागली तेव्हा भावाच्या शेजारच्या सीटवर तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता. तरी दाबला जायचा.

विश्वास ठेवला तो एकट्या भावाने. बारक्या म्हणायचे त्याला, आता मिशा आल्या तरी बारक्याच. त्यानेच ती गाडी परत ठोकून उभी केली, आणि आज तिच्या जागी तोच घाट चढणार होता. काल रात्री जेवताना तिने त्याला बजावलं होतं.

"त्या वळणावर क्लबचा कोणी नसतो. तुला कोणी दिसला, झेंडा दिसला, तर तो खोटा. ब्रेकला पाय लावायचा नाही. सरळ निघून जायचं. कळलं?"

"कळलं, ताई."

"माझी शपथ घे."

त्याने घेतली.

तर आता थर्मास आणि हातमोजे त्याला देऊन ती परत निघाली होती, आणि वेळ मोजणाऱ्या काकांच्या टेबलापाशी पाय दुखला म्हणून जरा टेकली. धुकं विरळ होत होतं. काकांनी वॉकीटॉकी उचलली आणि पोस्टांची हजेरी घ्यायला लागले. गाडी सोडण्याआधी खालपासून वरपर्यंत प्रत्येक मार्शलने आपला रस्ता मोकळा असल्याचं सांगायचं, अशी रीत. चालवणारे तेव्हा हेल्मेट घालून गाडीत बसलेले असतात. त्यामुळे ही हजेरी तिने कधी ऐकलीच नव्हती.

"चार, मोकळा."

"पाच, मोकळा."

मग कोणीच बोललं नाही. नुसती खरखर. काकांनी मान खाली घातली होती.

"सात, मोकळा."

"सहा कुठे गेला?" तिने विचारलं.

काका दचकले. "सहा नंबर नाहीये, अगं."

"नाहीये म्हणजे?"

"देत नाही कोणाला. फार जुनी गोष्ट आहे. तिथे एक शिंपी उभा राहायचा, आमच्यातलाच. लाल झेंडा दाखवत होता, गाडी थांबलीच नाही... त्याला घेऊनच कड्याला लागली." काका आवाज खाली आणून बोलत होते. "तेव्हापासून तो नंबर बंद. त्याचा मान म्हणून. हजेरीलाही पाच झालं की जरा थांबायचं, मग सात."

"टोपी घालायचा?"

काका वॉकीटॉकीचं बटण उगाच फिरवायला लागले.

"काका, टोपी घालायचा का? लांब कोट?"

"तू एकटीच नाहीस," काका पुटपुटले. "पण क्लबात त्यावर बोलायचं नाही, असं ठरलंय."

ठरलंय! म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! ती पलंगावर वर्षभर कण्हत होती, आणि ज्यांनी तिला भित्री ठरवलं त्या एकेकाला ठाऊक होतं! काठी आपटत ती अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली. आसपासचे सगळे ऐकत होते, आणि ऐकावं हीच तिची इच्छा होती.

"मेलेल्या माणसाचा मान राखायला वळण उघडं टाकलंत! जिवंत मार्शल तिथे उभा केला असता तर तो बिचारा कशाला उभा राहिला असता? आणि वर मलाच म्हणता घाबरलात? लाज कशी वाटत नाही हो?"

अध्यक्षांचा चेहरा पडला, पण चार लोकांत त्यांना हार मानायची नव्हती. "मग बसा तुम्हीच तिथे," ते म्हणाले. "एवढी हौस आहे तर बसा सहावर."

"बसतेच!"

दोरखंड, ओढायचा हूक असलं सामान घेऊन फिरणारी जीप तिथेच उभी होती. जीपवाल्याने तिला वर सोडलं, घडीची खुर्ची मांडून दिली, वॉकीटॉकी आणि झेंडा हातात दिला. जाताना त्याने वळणाकडे बघायचं टाळलं, हे तिच्या लक्षात आलं.

वर भयाण शांतता. कड्यावरून पाणी ठिबकत होतं. धुक्याची एखादी चिंधी रस्त्यावरून सरकत जायची आणि दरीत उतरायची. कड्यावर अजून तिच्या गाडीचा निळा रंग लागलेला होता. ओल्या लोकरीचा वास येत होता, आणि आसपास माणूस नाही, मेंढरू नाही. तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण भीतीहून राग मोठा होता.

"ये की आता," ती मोकळ्या वळणाला म्हणाली. "काय बिघडवलं होतं रे मी तुझं? रस्ता मोकळा असताना लाल दाखवलास..."

ठिप. ठिप. कोणी आलं नाही.

हजेरी पुन्हा सुरू झाली. "पाच, मोकळा." तिने बटण दाबलं. "सहा, मोकळा." सातवाला कितीतरी वेळ बोलेना. मग एकदाचा बोलला, आणि गाड्या सुटायला लागल्या. एक गेली, दुसरी गेली. टायरांची किंचाळी, धूर, आणि मग पुन्हा ते ठिबकणं. काही घडेना. तिचा जीव भांड्यात पडला.

"पुढची तुझ्या भावाची," काका म्हणाले. "सोडली."

आणि ती गाडी निम्म्या घाटात आली असेल नसेल, तेवढ्यात वरून आवाज आला. आधी खडे घरंगळले. मग कपाटाएवढी दरड सुटली आणि वळणाच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध येऊन पडली.

"सहा बंद! दरड! थांबवा त्याला!"

"गाडी सुटलीय गं..."

"पाचवरून आत्ता गेली!" पाचवाला ओरडला.

वॉकीटॉकी खुर्चीत टाकून ती झेंडा घेऊन रस्त्यात आली. लाल कापड डोक्यावर धरून जिवाच्या आकांताने हलवायला लागली. खालून तिच्या गाडीचा ओळखीचा आवाज चढत येत होता. आणि मग तिला कालची रात्र आठवली.

त्या वळणावर कोणी नसतं. दिसला तर तो खोटा. ब्रेकला पाय लावायचा नाही. माझी शपथ.

ती इथे आहे हे बारक्याला माहीत नव्हतं. ती अध्यक्षांशी भांडून वर आली तेव्हा तो हेल्मेट चढवून गाडीत बसला होता. कोणी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं तिलाही सुचलं नव्हतं. रागाच्या भरात!

गाडी वळणाआधी दिसली. त्याने तिला बघितलं, तिला कळलं ते. आणि गाडीचा वेग कमी झाला नाही. त्याने शपथ पाळली.

"बारक्या! अरे मी आहे! मी आहे रे!"

त्या इंजिनापुढे तिचा आवाज कुठला पोचायला? ती बाजूला झाली नाही. झेंडा हलवत तशीच उभी राहिली, आणि डोळे मिटले. मागे ओल्या लोकरीचा वास दाटून आला, अगदी मानेपाशी. मग चाकं किंचाळली. गार वारा तिला घासून गेला.

डोळे उघडले तेव्हा गाडी तिच्या पुढे गेली होती. नाक दरडीपासून हातभर लांब. बारक्या दार उघडून बाहेर आला आणि तिथेच रस्त्यावर बसला. ती लंगडत, काठीशिवाय, त्याच्याकडे धावली आणि त्याला पोटाशी धरलं.

"शपथ मोडलीस ना... बरं झालं, माझ्या राजा, बरं झालं."

"मोडणार नव्हतो, ताई." त्याने हेल्मेट काढलं. "तू सांगितलं होतंस, एकजण दिसेल. एकच दिसला असता तर मी थांबलो नसतो."

"मग?"

"तिघं होते."

तिने मागे वळून पाहिलं. वळण मोकळं होतं.

"तू होतीस. मला वाटलं भास आहे. तुझ्यामागे टोपीवाला. आणि त्याच्या शेजारी..." तो थांबला.

"बोल ना."

"निळा ओव्हरऑल होता, तुझा तो दवाखान्यात कापलेला. हेल्मेट घातलेलं. ती तुझ्यासारखीच उभी होती, ताई... कमरेत वाकून. सगळ्यात जोरात झेंडा तीच हलवत होती."

जीप वर आली. जीपवाला उडी मारून उतरला, दोघं धडधाकट बघून त्याने सुस्कारा सोडला. त्याच्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीवर काका घाईने हजेरी घेत होते, सगळे सुखरूप आहेत ना म्हणून.

"चार, ठीक."

"पाच, ठीक."

"सहा?" काकांनी विचारलं. "सहा, बोला..."

जीपवाल्याने आपला सेट काढून तिच्यापुढे धरला. तिचा स्वतःचा तर वळणाच्या आड, खुर्चीत पडला होता. तिने हात पुढे केला. बोट बटणाला लागायच्या आधीच सेट खरखरला, आणि एक बाईचा आवाज आला. चिडलेला, दातओठ खाऊन बोलणारा.

"सहा. मी घाबरले नव्हते."

खाली कोणीतरी हसलं. मग अध्यक्षांचा आवाज आला, सुटका झाल्यासारखा. "अजून तेच का, कवळीबाई? असू दे, असू दे. आवाज ऐकून बरं वाटलं."

जीपवाला तिच्याकडे बघत होता. ती तोंड मिटून उभी होती.