कोवळा स्लॅब

पहाटे नुकताच ओतलेला स्लॅब कोसळला आणि कडेला झोपलेल्या रखवालदाराचे पाय ढिगाऱ्यात अडकले. इन्स्पेक्टर बाई पोचल्या तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला ओढून काढून दवाखान्यात हलवलं होतं. इकडे साइटवर दोन भागीदार एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

"यानं टेकू काढले! दुसऱ्या साइटवर न्यायची घाई!" ठेकेदार ओरडला.

स्लॅबला टेकू लावणाऱ्या सेंट्रिंगवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजवर तुझा प्रत्येक स्लॅब माझ्याच टेकूंवर उभा राहिला. कधी दगा दिला?"

भिंतीला लोखंडी टेकू ओळीनं टेकवलेले होते. एकही वाकलेला नाही. ते आधीच काढले होते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

बाईंनी साइट इंजिनिअरला बाजूला घेतलं. तो ठेकेदाराचा जावई.

"आधी कोण आलं?"

"मीच. मागच्या खोलीत राहतो."

"स्लॅबवर वजन होतं?"

"छे! कोवळ्या स्लॅबवर कोण काय ठेवेल? मॅडम, ढिगारा उचलू का? काम अडलंय."

"हात लावायचा नाही."

बाई ढिगाऱ्याभोवती फिरल्या. काँक्रीट, सळया, विटांचे तुकडे. वर भिंतीचं काम तर सुरूच झालं नव्हतं. मग त्यांनी एक टेकू बाजूला सरकवला. मागं पाहिलं. दुसरा सरकवला.

"मधला ढिगारा उपसा."

जावयाच्या कपाळावर घाम आला. फावडी चालली आणि खालून पिळवटलेले टेकू निघाले.

"स्लॅब पडला तेव्हा टेकू जागेवरच होते," बाई म्हणाल्या. "हे भिंतीला टेकवलेले आधीपासून इथं असते, तर त्यांच्यामागं भिंतीवर धूळ न बसलेले कोरे पट्टे राहिले असते. मागंही सारखीच धूळ आहे. म्हणजे ते पडझडीनंतर आणले. आणि या विटा वरूनच आल्या. कोवळ्या स्लॅबवर कुणी थप्पी मारली, इंजिनिअरसाहेब?"

"सासरेबुवांना दाखवायचं होतं... काम कसं झपाट्यानं होतं ते."

"रखवालदार विव्हळत होता, आणि तुम्ही शेडमधून टेकू आणून रचत होतात."

ठेकेदार मटकन खाली बसला. हवालदारानं जावयाचा दंड धरला, तरी सासऱ्यानं मान वर केली नाही. तो भागीदाराला म्हणाला, "माझं चुकलं. आधी तुला विचारायला हवं होतं."

"ते बघू नंतर." सेंट्रिंगवाल्यानं गाडीची किल्ली काढली. "ऊठ. रखवालदाराची बायको तिकडं एकटी बसलीय."