या एकदा घरी

"क्षमा करा ताई, श्रीयुत कल्पेश मढवी यांचं निवासस्थान हेच का?"

तळवलीत आजवर कुणी 'निवासस्थान' हा शब्द वापरल्याचं मला आठवत नाही. इथे लोक गल्लीच्या तोंडाशी उभे राहून नुसते "ए कल्प्या!" म्हणून ओरडतात. मी ओट्यावर वालाच्या शेंगा निवडत बसले होते. मान वर केली तर समोर निळा शर्ट, भली मोठी बॅग आणि एक हसू... हो, आधी हसूच दिसलं. बाकीचा माणूस नंतर दिसला.

"मतदार यादीवाले का तुम्ही?" मी विचारलं.

"नाही. मी मॉरिशसहून आलो आहे. अभय बाबाजी माझं नाव. श्रीयुत कल्पेश यांनी मला घरी येण्याचं आग्रहाचं निमंत्रण दिलं होतं."

कल्पेश माझा चुलत भाऊ. रात्रपाळी करून वरच्या मजल्यावरच्या त्याच्या घरात घोरत पडला होता. त्याला हलवून उठवलं, खाली आणलं. पाहुण्याला बघून तो आधी पांढरा पडला, मग धावत जाऊन त्याला मिठी मारली, आणि मिठी मारल्या मारल्या माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

झालं होतं असं. मागच्या वर्षी कल्पेश आणि मितालीवहिनी हनिमूनला मॉरिशसला गेले. तिथल्या विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी त्यांच्याशी चक्क मराठीत बोलला. त्याचे पणजोबा की खापरपणजोबा इथून ऊसमळ्यात कामाला गेलेले. घरी गणपती बसतो, शाळेत मराठी शिकवतात. परक्या देशात मराठी ऐकून कल्पेशला भरून आलं आणि तो बोलून गेला, "या एकदा आमच्याकडे! घणसोलीजवळ तळवली. कुणालाही विचारा!"

आता हे आपण कुणाला म्हणत नाही? लग्नात भेटलेल्या लांबच्या मावशीला म्हणतो, बसमध्ये शेजारी बसलेल्याला म्हणतो. कुणी येत नसतं. या माणसाने मात्र रजा टाकली, व्हिसा काढला, तिकीट काढलं, आणि तो आला!

"असं बोलायची पद्धत असते यार," कल्पेश माझ्या कानात कुजबुजला.

"मग जा, सांग त्याला."

कल्पेशची छाती झाली नाही. तेवढ्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे जानू मढवी, माझे वडील. आई गेल्यापासून घरात ते, त्यांची बहीण कमळीआत्या आणि मी. आमच्या बिल्डिंगमधल्या खोल्या महाप्याला नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्याने दिलेल्या असतात. आप्पांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बोंबील खातस का?"

"अतिशय आवडीने," पाहुणा म्हणाला.

"मग दुसऱ्या मजल्यावरची खोली दे याला, रुतिका."

विषय संपला. पण माझा संपला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कोरियन इंजिनिअर राहिला होता, तेव्हापासून मला नियम पाठ आहे. परदेशी माणूस घरात मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची. सी-फॉर्म भरायचा. हॉटेल असो नाही तर आपलं घर, सुटका नाही.

"मराठी बोलतो, सुका बोंबील खातो, कसला फॉरेनर?" आप्पा वैतागले. "आपलाच पोरगा हाय तो."

"पासपोर्ट आपला नाहीये, आप्पा."

मग संध्याकाळी तो आणि मी, मध्ये लॅपटॉप. मी जरा जास्तच कडक चेहरा केला होता. तो हाताची घडी घालून शाळेतल्या मुलासारखा ताठ बसलेला.

"आडनाव?"

"बाबाजी."

"ते वडिलांचं नाव झालं. आडनाव सांगा."

"तेच आडनाव, ताई. आमच्याकडे पूर्वजाचंच नाव पुढे चालतं."

"भारतात येण्याचं कारण?"

"पर्यटन."

"तळवलीत?" मला हसू आवरेना. "इथे काय बघणार?"

त्याने फक्त माझ्याकडे बघितलं... आणि मग पटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"मी रोज शेकडो लोकांना प्रश्न विचारतो," तो म्हणाला. "आज प्रथमच कुणी मला विचारत आहे. बरं वाटतं, ताई."

"एक काम करा," मी लॅपटॉप मिटत म्हटलं, "ते ताई म्हणणं तेवढं बंद करा."

"मग काय म्हणू?"

"रुतिका म्हणा. पासपोर्टवर तेच आहे माझ्या."

त्याच्या व्हिसाची प्रत मीच वाचली होती. एक महिना, मुदतवाढ नाही. पण त्या दिवशी मला त्याचं काय? पाहुणे येतात, जातात.

दुसऱ्या दिवशी कल्पेशने सरळ हात वर केले. "मला शिफ्ट आहे, तू फिरव त्याला." मग काय, माझ्या स्कूटरवर मागे अभय बाबाजी! मागच्या दांडीला धरून इतक्या अदबीने बसायचा की आमच्या दोघांच्या मध्ये कमळीआत्या आरामात मावली असती. मी त्याला खाडीवर फ्लेमिंगो दाखवायला नेलं, कोपरखैरण्याच्या बाजारात नेलं. तिथे त्याने भाजीवाल्याला "महोदय, ही मेथी कशी दिलीत?" असं विचारलं, आणि त्या भल्या माणसाने गहिवरून एक जुडी फुकट दिली.

त्याची भाषा मात्र हळूहळू बिघडत गेली, म्हणजे माझ्या मते सुधारत गेली. आठवडाभरात तो "टेन्शन नको घेऊस" म्हणायला शिकला. 'आपण'चं 'तुम्ही' झालं. आणि एकदा गावदेवीच्या देवळापाशी चप्पल शोधताना त्याच्या तोंडून निसटलं, "रुतिका, तुझी ही का?"

तुझी.

मी वळून बघितलं. त्याने जीभ चावली.

"चुकलो... तुमची."

"राहू दे," मी म्हटलं. "आता म्हटलंयस तर राहू दे."

म्हणजे मीही अरे-तुरेवर आले होते, आणि हे मला घरी पोचल्यावर कळलं. त्या संध्याकाळी मी चहात मीठ घातलं. आत्याने नुसता कप माझ्यापुढे सरकवला आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसली.

जानेवारीत आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, तळाला आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर सगळे जमले होते. पाल्याचा तो कडवट-गोड वास सुटला. अभय माझ्याशेजारी विटेवर बसला होता. मडकं उघडल्यावर मी शेंग सोलून त्याच्या हातावर दाणे ठेवले. त्याने ते खाल्लेच नाहीत, मूठ मिटून तसाच बसून राहिला.

"खा ना."

"खातो. जरा वेळाने."

"गार होतील."

"होऊ देत." मग अगदी हळू, "रुतिका, तुझं लग्न ठरलंय का कुठे?"

"नाही."

"का?"

"मागच्या वर्षी एक स्थळ आलं होतं, खांदेश्वरचं. आप्पा म्हणाले, लांब पडतं."

"खांदेश्वर किती लांब आहे?"

"तासाभराचा रस्ता."

तासाभराच्या रस्त्याला लांब म्हणणारा बाप, आणि याच्या घराला जायला समुद्र ओलांडायचा... हिशोब मांडायचीही गरज नव्हती. एकुलती एक लेक मी. आईमागे आप्पांच्या औषधापासून भाडेकरूंच्या पाण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. आणि मला तर हा माणूस हवा होता! उगाच कशाला आडून बोलू? हवाच होता.

व्हिसा संपत आला तशी माझी चिडचिड वाढली. मी वेबसाइट दहादा उघडून बघितली; दहाही वेळा तेच. या व्हिसाला मुदतवाढ मिळत नाही. शेवटी कल्पेश म्हणाला, "दोन-चार दिवस जास्त राहिला तर कोण बघतंय? नंतर म्हणायचं, आजारी होतो."

"नाही," अभय म्हणाला. "मी स्वतः रोज लोकांना सांगतो, मुदत संपली की निघावं लागतं. इथे मीच मोडू?"

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. जिन्यात गाठून मी त्याला म्हटलं, "तुला नियमच प्यारे. जा मग!"

"रुतिका, मला इथे राहता येत नाही. नोकरी आहे, आई आहे." तो दोन पायऱ्या खाली उतरला, थांबला, परत वर आला. "पण तू तिकडे येऊ शकतेस. भारतीय माणसाला आमच्याकडे आधी व्हिसा काढावा लागत नाही, विमानतळावरच परवानगी मिळते. एकदा घर बघ, आईला भेट. मग काय ते ठरव."

"आणि आप्पा?"

"त्यांना मी विचारतो."

"अजिबात विचारू नकोस!" मी म्हटलं आणि पळाले. कारण आप्पा नाही म्हणाले असते तर ते कायमचं नाही झालं असतं, आणि माझ्यात त्यांच्याविरुद्ध जायची ताकद नव्हती.

शेवटच्या दिवशी आत्याने जिताड्याचं कालवण केलं होतं. जेवताना आप्पांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि एकदम म्हणाले, "अभय, तुज्या देशात कोनी यायचा म्हटला तर काय काय लागतो?"

माझा घास हातातच राहिला.

अभय सरसावून बसला, जणू काउंटरवरच आहे. "पासपोर्ट लागतो. कुठे राहणार, तो पत्ता. राहणार कुणाच्या घरी असेल तर त्या घरच्यांचं पत्र. खर्चापुरते पैसे. आणि परतीचं तिकीट."

"ता लागतोच?"

"लागतंच. परतीचं तिकीट नसेल तर आत सोडत नाही."

"हुशार देश हाय," आप्पा म्हणाले. दोन घास खाल्ले. "मंग आमच्या दोघांच्या नावाचा पत्र धाडायला सांग तुज्या आईला. मी पन येतो. घर बघतो, मानसा बघतो."

"आप्पा... खांदेश्वर लांब म्हणालात तुम्ही."

"खांदेश्वर कशाला लांब? ता पोरगा मना आवडला नवता. फोनवरनं डोकाच वर करी नाय." आप्पा पाण्याचा तांब्या उचलत म्हणाले. "तुज्या तोंडावर नाय कसा सांगू, म्हनून लांब बोललो."

"तुमचा पासपोर्ट हाय का, दादा?" आत्याने विचारलं.

आप्पांचा पासपोर्ट नव्हता. जन्माचा दाखलाही नव्हता. पण ती माझी कामं. मी तिथेच, खरकट्या हाताने, डोळे पुसले आणि कालवणाच्या मसाल्याने ते आणखी झोंबले. अभयने घाईघाईने पाणी पुढे केलं, ते माझ्या ओंजळीऐवजी आत्याच्या मांडीवर सांडलं.

दुपारी टॅक्सी आली. आप्पा बॅग डिकीत ठेवत होते. आम्ही दोघं ओट्याशी.

"एक सांगायचंय," अभय म्हणाला. "याल तेव्हा माझ्या रांगेत उभी राहू नकोस. शेजारच्या काउंटरला जा."

"का? ओळख दाखवायची लाज वाटते?"

"नाही गं." तो बुटाच्या टोकाकडे बघत होता. "आत येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारावाच लागतो... परत कधी जाणार? मला तो तुला विचारायचा नाहीये. मला... तू परत जाऊच नये असं वाटतं."

गल्लीत कुणाचा तरी मिक्सर चालू होता. मला तेवढाच ऐकू येत होता.

"मी तुझ्याच रांगेत उभी राहणार," मी म्हटलं. "विचार खुशाल. सांगेन, आप्पा आठ दिवसांनी जातील. माझं विचारू नका, साहेब."

त्याने वर बघितलं. हसायचं की नाही, त्याला कळत नव्हतं. "नियमात बसत नाही ते."

"मग बसेल असं काहीतरी कर ना! एवढा अधिकारी तू..."

"लग्न केलं तर बसेल," तो म्हणाला. आणि मग, एवढं सगळं मराठी शिकूनही शब्द सापडत नसल्यासारखा, अडखळत, "करशील?... म्हणजे, आप्पांना आधी विचारायला हवं..."

"मना काय विचारतस?" डिकी आपटून आप्पा ओरडले. सगळं ऐकत होते ते! "तिना हो बोलला ना? मंग बस गाडीत, विमान सुटल."

मी अजून हो म्हटलंच नव्हतं. मग म्हटलं, आणि इतक्या जोरात म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू गॅलरीत आले.