बेटावरचे चार दिवस

मोर्चाने ट्राम अडली, म्हणून मनमोहन तळपदे माझ्याशी बोलला. नाहीतर बॅलार्ड इस्टेटमधल्या पंख्यांच्या एकाच कंपनीत आम्ही दोन वर्षं न बोलताच काढली होती. तो दुसऱ्या मजल्यावर विक्रीत, मी चौथ्यावर टायपिस्ट. धोबीतलावला ट्राम ठप्प झाली आणि मागच्या बाकावरून तो पुढे वाकला.

"चालत येता? गिरगाव काही लांब नाही."

"मी गिरगावात राहते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रोज संध्याकाळी तुमच्या मागच्या बाकावर असतो मी..." तो म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे — योगायोगाने."

आम्ही चाललो. समोरून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" अशी हाक आली, तर या टायवाल्या गृहस्थाने माझ्या कानाशी "झालाच पाहिजे!" अशी आरोळी ठोकली, की मी दचकून त्याचा कोपर धरला. सोडायला अंमळ उशीरच झाला.

मग दुसऱ्या मजल्यावरची पत्रं टाइप व्हायला चौथ्या मजल्यावर येऊ लागली. एका ओळीचं पत्रसुद्धा.

"तुमच्या मजल्यावरचं मशीन बिघडलंय का?"

"मशीन ठीक आहे हो. माणूस बिघडलाय."

एकोणसाठच्या जानेवारीत कोलंबोला कॉन्फरन्स ठरली. जिथे समुद्राचा वारा फुकट मिळतो, तिथे पंखे विकणाऱ्यांची परिषद! मनमोहन जाणार होता, आणि टिपणं घ्यायला साहेबांनी माझं नाव सुचवलं. साहेबांच्या मिसेसही बरोबर होत्या. तरी अप्पांनी, माझ्या वडिलांनी, कार्यक्रमाचा कागद वाचून चष्मा काढला.

"तीन दिवस परिषद, ते समजलं. पुढे चार दिवस समुद्रावर हुंदडायचं, ते कुठल्या कामात बसतं?"

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना नाही म्हटलं आणि माझ्या जागी नलू गेली. नलू माझ्या शेजारच्या टेबलावरची. डबा आम्ही एकत्र खायचो.

आठवड्याने सगळ्या ऑफिसच्या नावाने मनमोहनचं चित्राचं कार्ड आलं. माडांखाली पांढरी वाळू. 'इथली शहाळी केशरी रंगाची. नलूबाईंनी एका बैठकीत तीन संपवली.' सगळे हसले. मी ते कार्ड चार वेळा वाचलं. तीन शहाळी प्यायला किती वेळ लागतो? आणि तेवढा वेळ हा माणूस तिच्याकडे बघत बसला होता?

ती दोघं परत आली ती उन्हाने सावळून. नलूच्या पर्समध्ये एक फोटो होता: वाऱ्याने तिचा पदर उडालाय आणि मनमोहन हसतोय. माझ्याशी बोलताना तो असा हसल्याचं मला आठवेना.

मनमोहन परिषदेचा रिपोर्ट सांगायला आला, मी टाइप करू लागले. इंग्रजी रिपोर्ट, पण त्यातला 'रिक्रिएशन' हा शब्द माझ्या घशाखाली उतरेना.

"चार दिवस प्रतिनिधींनी रिक्रिएशन..." तो सांगू लागला.

"प्रतिनिधींनी, की दोघांनी?"

"हे रिपोर्टात घालायचं?"

"तुम्ही सांगाल ते घालते. टायपिस्ट आहे मी."

"मिस कीर्तिकर... रागावलात?"

"मला काय त्याचं?" मी कागद असा ओढून काढला की तो फाटला.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण दुपारी डबा खाताना, पाचसहा जणींसमोर, मी नलूला विचारलं, "काय गं, कॉन्फरन्सला गेली होतीस की हनिमूनला?"

हशा उठला. नलूचा घास हातातच राहिला. ती डबा बंद करून उठली. जिन्यात मी तिला गाठलं, तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"मी विचारलं त्याला," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी, वाळूत. सरळ विचारलं, माझ्याशी लग्न कराल का. मनात कोणी आहे म्हणाला. नाव मी मुद्दामच विचारलं नाही, उर्मिला. कळलं असतं तर तुला येऊन सांगावं लागलं असतं... आणि तेवढी चांगली मी नाहीये."

लाजेने माझी मान खाली गेली. आणि त्याच क्षणी आतून आनंदाची उकळी फुटली. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

"नलू, चुकले मी."

"हो, चुकलीस. त्या सगळ्यांसमोर म्हण."

मी म्हटलं. परत वर जाऊन, सगळ्या जणींसमोर, हात जोडून. मग पहिल्यांदाच दुसऱ्या मजल्यावर उतरले. मनमोहन फायलीत डोकं घालून बसला होता.

"मला नलूचा हेवा वाटला," मी एका दमात बोलले. "आठवडाभर जळतेय. आणि हेवा का वाटतो, ते... ते मी बोलणार नाही."

त्याने फाइल मिटली. कान लाल झाले होते त्याचे.

"त्या चार दिवसांत एकदाही वाटलं नाही, की आणखी एक दिवस राहावं," तो म्हणाला. "अप्पा कधी घरी असतात?"

"रविवारी सकाळी. पण समुद्राचं नाव काढू नका!"

लग्न वैशाखात, गिरगावातच झालं. नलू येणार नाही असं मी धरून चालले होते. ती सकाळीच आली, आईच्या हातून शालू काढून घेतला आणि मला नेसवू लागली. खांद्यावर पिन लावताना तिची बोटं थांबली. मी आरशात पाहिलं. मी पाहिलंय, हे तिनेही पाहिलं.

"हलू नकोस," ती म्हणाली, "टोचेल."