लेखिकेच्या अनुपस्थितीत

इतिहास परिषदेतलं जेवणानंतरचं शेवटचं सत्र म्हणजे सभ्य माणसांनी उघड्या डोळ्यांनी झोपायची वेळ. पंखे कुरकुरत होते. पडदे ओढलेल्या सभागृहात एक प्राध्यापक प्रादेशिक इतिहासाच्या साधनांवर बोलतच होते आणि अध्यक्षांची मान डुलत होती. त्यालाच ते दाद समजत असावेत.

धाकटी मागच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. त्यांच्या कॉलेजच्या इतिहास विभागात बायका दोघीच, म्हणून विद्यार्थ्यांनी एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी करून टाकलं होतं. थोरली गेल्या आठवड्यापासून हॉस्पिटलात होती. डाव्या अंगावरून वारं गेलेलं, वाचा बंद. तिचा निबंध वाचून दाखवायला धाकटीला यावं लागलं होतं.

खरं तर आज घर सोडायची तिची अजिबात इच्छा नव्हती. उद्या सकाळी तिच्या मुलीचं, ठकूचं, टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. "तू आल्याशिवाय मी झोपणारच नाही," असं बजावून ठकूने आपली पिवळी केसांची क्लिप तिच्या पर्समध्ये टाकली होती. "परत आणून द्यायची. म्हणजे तुला यावंच लागेल." संध्याकाळची बस चुकली की संपलं. सकाळपासून धाकटीचा जीव त्या बसमध्येच अडकला होता.

दुसऱ्याचा निबंध वाचायचा तर आधी तसं सांगायची पद्धत आहे. लेखिका हजर नाहीत, मी फक्त वाचणार, प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचवते. पण अध्यक्ष दचकून जागे झाले आणि थोरलीची ओळख, पदव्यांसकट, त्यांनी धाकटीलाच चिकटवून टाकली. टाळ्या पडल्या. आता दुरुस्त करायचं म्हणजे खुलासा, मग आजाराची चौकशी, मग सगळ्यांची हळहळ. तेवढं त्राण कुणाला होतं? जाऊ दे, ऐकतंय कोण, असं म्हणत ती माईकपाशी उभी राहिली.

निबंध नदीकाठच्या एका जुन्या जकात नाक्यावर होता. थोरली तिथे एकटीच जाऊन आली होती.

"मी नाक्यावर पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती," धाकटीने वाचलं आणि तिच्या मानेला ऊन लागलं.

तिने वळून पाहिलं. पडदे ओढलेलेच होते.

पुढचं पान उलटायला डावा हात उचलेना. अवघडला असेल. तिने उजव्या हाताने पान उलटलं.

वाचन संपलं. ती कागद गोळा करत होती तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक निवृत्त अभिलेखपाल उठले.

"नाकेदाराची खोली कुठे होती, ते काही आलं नाही तुमच्या निबंधात."

लेखिकेला विचारून कळवते, एवढं म्हटलं की सुटका होती.

"मागच्या अंगाला," ती म्हणाली. "एकच खिडकी आहे, नदीकडे पाठ करून. बिजागरी गंजलीय. उघडताना माझा अंगठा कापला."

त्या नाक्यावर ती कधीच गेली नव्हती. तिने अंगठ्याकडे पाहिलं. तिथे एक पांढुरका वण होता.

"आणि आत?" अभिलेखपाल माईकजवळ आले.

आत काय होतं ते ती सांगू लागली. ओल, कोनाडा, कोनाड्यातली काजळी. दिवसभराचा शीण उतरल्यासारखं वाटलं. घड्याळाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

सभागृह रिकामं झाल्यावर फोन वाजला. थोरलीचा भाऊ होता.

"अहो, ताई बोलायला लागली. उठून उभी राहिलीय, हात हलतोय. डॉक्टरही चक्रावलेत."

"बरं झालं, बाळ्या. जेवलास का तू?"

 त्याला बाळ्या फक्त थोरली म्हणायची.

"जेवलो," तो हळूच म्हणाला. "पण ताई सारखी दाराकडे धावतेय. घरी सोडा म्हणते. ठकू जागी असेल, उद्या तिचं ऑपरेशन आहे म्हणते. रडून रडून हाल झालेत तिचे. ही ठकू कोण हो?"

तिने मनापासून आठवून पाहिलं.

"नाही रे," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "आपल्याकडे ठकू कुणीच नाही."

तिने फोन ठेवला आणि पर्समध्ये रुमाल चाचपला. हाताला भलतंच काही लागलं.

नोंदणीच्या टेबलावर लोकांच्या विसरलेल्या वस्तू मांडल्या होत्या. चष्मा, पेनं, एक छत्री. तिने ती पिवळी क्लिप त्यांच्या शेजारी ठेवली.

"कुणाची तरी राहिलीय," ती टेबलामागच्या बाईंना म्हणाली. "लहान मुलीची दिसते. जपून ठेवा, वाट बघत असेल बिचारी."