आजोबांच्या पंख्याची घूं

वीज होती, तिचा दाबही पंख्यावर लिहिल्याइतकाच होता, बटणही बरोबर दाबलं होतं. तरी पंखा फिरला नाही. गुणगुणलाही नाही. नुसता तापला आणि बघता बघता खोलीत करपल्याचा वास पसरला.

"धोका! धोका!" घरातल्या टिंब्या नावाच्या यंत्रमानवाने धावत येऊन पिन उपटली. अकरा वर्षांची चार्वी मात्र जागची हलली नाही. आजोबांना खूश करायला गेलेल्या त्या शहाण्या पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी आजोबा इचलकरंजीचं घर सोडून चार्वीकडे राहायला आले. आयुष्यभर विद्युतशास्त्र शिकवलेला माणूस, पण इथे आल्यापासून त्यांना दुपारची झोप येईना. "तुमचे पंखे मुके आहेत," ही त्यांची तक्रार. लहानपणी त्यांची आई यंत्रमागावरची सकाळपाळी करून घरी यायची, जेवणं झाली की हिरवा टेबलफॅन लावायची आणि त्याची घूं ऐकत मायलेक झोपायची. आई गेली, माग गेले, पंखा तेवढा उरला. तोही ट्रंकेत पडून होता. चार्वीने तो गुपचूप काढून जोडला होता.

आजोबा आत आले. त्यांनी वास घेतला आणि पंख्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पंखा मेला का हो, आजोबा?"

"बघू या. आधी डोळे पूस आणि माझं मीटर आण."

मीटरच्या तारा लावून ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग हसले. "वाचला गं! तार शाबूत आहे. तिचा रोध (तारेचा स्वतःचा अडथळा) पूर्वीइतकाच आहे. टिंब्या, शाब्बास! आणि चार्वीबाई, पुन्हा मला विचारल्याशिवाय असा उद्योग करायचा नाही."

"नाही करणार. पण तो फिरला का नाही?"

"तुमच्या घरात छपरावरच्या सौरपट्ट्यांची वीज थेट येते. तो एकदिश प्रवाह (एकाच दिशेने वाहणारा). आमच्या वेळी प्रत्यावर्ती प्रवाह (सतत दिशा बदलणारा) यायचा. सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे!"

"पण तार तीच, तिचा रोधही तोच. मग तेव्हा का नाही तापला एवढा?"

"आता विचारलंस! चल खाली."

खाली सोसायटीचं जड लोखंडी सरकतं फाटक होतं. चार्वीने ते ढकललं. आधी ते हटेना, मग हळूहळू निघालं आणि बघता बघता वेगात पळालं.

"आता भराभर पुढे-मागे कर."

चार्वीने दात-ओठ खाऊन जोर लावला, पण फाटक बोटभरही सरकेना.

"रूळ तोच, गंज तोच, तूही तीच. मग अडवलं कुणी?"

"त्याच्या जडपणाने! ते निघेपर्यंत माझी दिशाच बदलते."

"पंख्यातल्या तारेच्या गुंडाळीचंही तसंच. तिच्यातल्या प्रवाहाभोवती चुंबकत्व तयार होतं आणि प्रवाह बदलायला लागला की ते आडवं येतं. जितका भराभर बदल, तितका अडथळा जास्त. एकदिश प्रवाह बदलतच नाही, म्हणून हा अडथळाही नाही. मग प्रवाह बेसुमार वाहतो आणि गुंडाळी तापते. आणि चुंबकत्व एका जागी बसून राहिलं, तर पाती फिरवणार कोण?"

वर आल्यावर चार्वीने पंख्याच्या तळातल्या डबीवर बोट ठेवलं. "आणि ही?"

"ते धारित्र (विद्युतभार साठवणारा भाग). त्याचा स्वभाव उलटा. पाण्याच्या नळीत मधोमध रबरी पडदा आहे असं समज. पाणी एकाच बाजूने रेटलं तर?"

"पडदा फुगेल आणि पाणी थांबेल."

"आणि पुढे-मागे हलवलं तर?"

"पडदा डोलेल, दोन्हीकडचं पाणी हलेल! म्हणजे भराभर बदल असेल, तर याचा अडथळा कमी!"

"वा! रोध, गुंडाळी आणि धारित्र मिळून प्रवाहाला जो एकूण अडथळा करतात, तो संरोध. पण ही साधी बेरीज नाही हं. गुंडाळी प्रवाहाला रेंगाळायला लावते, धारित्र त्याला पुढे पळवतं. दोघं एकमेकांचा जोर थोडाफार मोडतात."

चार्वीचा चेहरा मात्र उतरला. "पण तशी वीज आता आणायची कुठून?"

टिंब्याने हात वर केला. "माझ्या छातीत इन्व्हर्टर (एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती करणारा भाग) आहे. माझ्या मोटरी त्यावरच चालतात. सेकंदाला किती वेळा हवा?"

"पन्नास!" आजोबा आणि नात एकदमच ओरडले.

टिंब्याच्या तळहातातल्या खाचेत पिन बसली. हिरवी पाती कुरकुरली, अडखळली, मग फिरू लागली. घूंऽऽ. आजोबा चटईवर आडवे झाले. "आई पदर ओला करून तोंडावर घ्यायची," ते एवढंच म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

"पंख्याच्या आवाजात दोष आढळला," टिंब्या म्हणाला. "दुरुस्त करू का?"

"खबरदार!" चार्वी कुजबुजली.

आजोबांचा डोळा लागला होता. ही वीज सेकंदाला शंभर वेळा पुढे-मागे झाली तर संरोधाचं काय होईल? उठल्या उठल्या विचारायचं असं ठरवून चार्वीही त्यांच्या शेजारी लवंडली. कधीही न पाहिलेली पणजी तिला आज ओळखीची वाटत होती.

टिंब्या मात्र हात पुढे धरून, जराही न हलता, दोघं उठेपर्यंत तसाच उभा राहिला.